कळ येण्याआधीच औषध : डेम सिसिली सॉन्डर्स

दुखू लागले की औषध द्यावे आणि दुखणे थांबले की ते थांबवावे, हा नियम वरवर पाहता कोणालाही शहाणपणाचाच वाटेल. दातदुखी, डोकेदुखी किंवा एखादी किरकोळ जखम यांच्या बाबतीत तो पुष्कळसा खराही आहे. परंतु ज्या रुग्णाचा कर्करोग हाडांपर्यंत पोहोचला आहे, ज्याची वेदना चोवीस तासांत एकदाही पूर्णपणे हटत नाही आणि ज्याच्या हाती केवळ काही आठवड्यांचे आयुष्य उरले आहे, त्याच्यासाठी हाच नियम क्रूर ठरतो. औषध मिळवण्यासाठी त्याने प्रत्येक वेळी आधी विव्हळले पाहिजे, असा त्याचा सरळ अर्थ होतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक रुग्णालयांत हेच घडत होते. ही रीत बदलण्याचे श्रेय प्रामुख्याने ज्या एका व्यक्तीला दिले जाते, ती म्हणजे ब्रिटनच्या डेम सिसिली सॉन्डर्स. आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर, अशा तीन वाटांनी त्या मरणासन्न रुग्णाच्या खाटेपाशी पोहोचल्या आणि आयुष्यभर तेथून हलल्या नाहीत.

पाठदुखीने बदललेली वाट

सिसिली मेरी स्ट्रोड सॉन्डर्स यांचा जन्म २२ जून १९१८ रोजी लंडनच्या उत्तरेकडील बार्नेट येथे झाला. वडील जमीन-जुमल्याच्या व्यवहारातील यशस्वी व्यावसायिक होते. घरी सुबत्ता होती. परंतु आईवडिलांचे एकमेकांशी पटत नव्हते आणि पुढे ते विभक्तही झाले. सिसिली तीन भावंडांत थोरल्या. अंगाने उंच, स्वभावाने बुजऱ्या आणि पाठीच्या कण्यात किंचित बाक असलेल्या या मुलीला शाळेत मैत्रिणी फारशा मिळाल्या नाहीत. एकटे पडलेल्या माणसाविषयी त्यांना पुढे जी ओढ वाटत राहिली, तिचे मूळ कदाचित या दिवसांत असावे.

१९३८ मध्ये त्या राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र शिकण्यासाठी ऑक्सफर्डला गेल्या. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. देश संकटात असताना पुस्तकांत रमणे त्यांना रुचेना. १९४० मध्ये शिक्षण अर्धवट सोडून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या नाइटिंगेल परिचारिका विद्यालयात त्यांनी नाव घातले. हे काम त्यांना मनापासून आवडले. मात्र जड रुग्णांना उचलण्या-वळवण्याचे कष्ट त्यांच्या पाठीला झेपले नाहीत. परिचारिकेची पात्रता मिळाली आणि तेव्हाच, १९४४ मध्ये, तो व्यवसाय सोडण्याची वेळ आली. खचून न जाता त्या ऑक्सफर्डला परतल्या, राहिलेली पदवी पूर्ण केली आणि रुग्णालयातील समाजसेविकेचे प्रशिक्षण घेतले. रुग्णाच्या घरची परिस्थिती, पैशाची अडचण, मागे राहणाऱ्यांची चिंता यांची दखल घेणारे हे काम होते. शरीराच्या दुखण्याला घरची आणि मनाची दुखणी कशी चिकटलेली असतात, हे त्यांना येथे जवळून दिसले. याच सुमारास, १९४५ मध्ये, त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेलाही नवा उजाळा मिळाला.

पाचशे पौंड आणि एक खिडकी

१९४७ च्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे आलेल्या रुग्णांत डेव्हिड तास्मा हे पोलंडहून आलेले ज्यू निर्वासित होते. वय चाळीसच्या आसपास, उपाहारगृहात वाढप्याचे काम, लंडनमध्ये जवळचे कोणीही नाही आणि शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला कर्करोग. १९४८ च्या आरंभी ते दुसऱ्या एका रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा सॉन्डर्स त्यांना भेटायला नियमाने जाऊ लागल्या. गजबजलेल्या कक्षात, इतर रुग्णांच्या कोलाहलात, दोघे तासन् तास बोलत बसत. आपले आयुष्य कोणाच्याही खिजगणतीत न राहता संपणार, ही तास्मा यांची खंत होती. मरणाऱ्या माणसासाठी याहून बरी जागा कशी असावी, याची चर्चा तेथेच सुरू झाली. वेदना तर थांबायला हवीच. परंतु माणसाला माणूस म्हणून जगायला अवकाशही हवा, यावर दोघांचे एकमत होते.

२५ फेब्रुवारी १९४८ रोजी तास्मा यांचे निधन झाले. जाताना त्यांनी सॉन्डर्स यांच्यासाठी पाचशे पौंड मागे ठेवले. अजून अस्तित्वातच नसलेल्या त्या वास्तूमध्ये आपण एक खिडकी होऊन राहू, अशी त्यांची इच्छा होती. खिडकी हाती आली होती. तिच्याभोवती घर उभारायला सॉन्डर्स यांना पुढची १९ वर्षे लागली.

सेंट ल्यूक्समध्ये सापडलेली किल्ली

तास्मा यांच्या मृत्यूनंतर सॉन्डर्स लंडनच्या बेझवॉटर भागातील सेंट ल्यूक्स या संस्थेत संध्याकाळी स्वयंसेविका म्हणून जाऊ लागल्या. १८९३ मध्ये गरीब मरणासन्न रुग्णांसाठी स्थापन झालेली ही जुनी संस्था होती. तेथे त्यांनी जे पाहिले, ते त्यांच्या प्रशिक्षणाशी मुळीच जुळत नव्हते. या संस्थेत मॉर्फिन तोंडाने दिले जाई आणि तेही दर चार तासांनी, ठरलेल्या वेळी. रुग्णाने मागितले आहे का, त्याला दुखू लागले आहे का, याची वाट कोणी पाहत नसे. आधीच्या मात्रेचा प्रभाव ओसरण्यापूर्वीच पुढची मात्रा पोटात जाई. परिणामी तेथील रुग्ण शांत तर होतेच, शिवाय जागे होते. बोलत होते, जेवत होते, भेटायला आलेल्यांना ओळखत होते.

इतर रुग्णालयांत याच्या नेमके उलट चित्र दिसे. डॉक्टरांच्या कागदावर बहुधा गरज पडल्यास अशी सूचना असे. रुग्णाला गरज आधी भासे, ती तो सांगे, परिचारिका आधीच्या मात्रेची वेळ तपासे, औषधाच्या कपाटाची किल्ली शोधली जाई आणि इंजेक्शन मिळेपर्यंत कळ शिगेला पोहोचलेली असे. अशी पेटलेली वेदना विझवायला मोठी मात्रा लागे. तिने रुग्ण गुंगीत जाई आणि गुंगी उतरली की पुन्हा वेदनेतच जागा होई. मधल्या काळातही त्याला स्वस्थता नसे, कारण पुढची कळ केव्हा येणार, या भीतीने तो घड्याळाकडे डोळे लावून बसलेला असे. भीतीने वेदना वाढे आणि वेदनेने भीती. औषध वारंवार मागणारा रुग्ण व्यसनी होत चालला आहे, असा शेराही पुष्कळदा मारला जाई. वस्तुतः त्याला औषधाची लालसा नसून वेदनेची धास्ती असे. ही धास्ती रुग्णाच्या स्वभावात नव्हती, ती औषध देण्याच्या पद्धतीने निर्माण केली होती, हे सॉन्डर्स यांच्या ध्यानात आले.

तेहतिसाव्या वर्षी वैद्यकीची विद्यार्थिनी

हे ज्ञान इतरांपर्यंत न्यावे कसे, हा पुढचा प्रश्न होता. ज्यांच्याकडे त्या काम करत होत्या, ते शल्यविशारद नॉर्मन बॅरेट यांनी त्यांना सडेतोड सल्ला दिला. मरणाऱ्या रुग्णाकडे पाठ फिरवतात ते डॉक्टरच. आणि डॉक्टरांनी ऐकावे असे वाटत असेल, तर स्वतः डॉक्टर होण्यावाचून गत्यंतर नाही, असा त्याचा मथितार्थ होता. १९५१ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, सॉन्डर्स यांनी वैद्यकीय शिक्षणाला प्रारंभ केला. १९५७ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

१९५८ पासून पुढील सात वर्षे त्यांनी पूर्व लंडनमधील हॅकनी येथील सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये काम केले. आयर्लंडमधील कॅथलिक भगिनींची ही संस्था १९०५ पासून गरिबांची सेवा करत होती. तेथे माया अपार होती; मात्र औषधोपचाराची शिस्त आणि नोंदी यांचा अभाव होता. सॉन्डर्स यांनी सेंट ल्यूक्सची वेळापत्रकाची पद्धत तेथे सुरू केली आणि त्यासोबत एक नवी गोष्ट आणली, ती म्हणजे नोंद. कोणाला किती मॉर्फिन दिले, किती वाजता दिले, वेदना किती उरली, झोप लागली का, मात्रा वाढवावी लागली का, हे त्या टिपून ठेवत. रुग्णांशी झालेली संभाषणे त्यांनी ध्वनिमुद्रित केली. हजाराहून अधिक रुग्णांची माहिती अशा रीतीने जमली.

त्या नोंदींतून निघालेले निष्कर्ष तत्कालीन समजुतींना छेद देणारे होते. ठरलेल्या वेळी मॉर्फिन मिळणाऱ्या रुग्णांची मात्रा सतत वाढत जात नाही; बहुतेकांच्या बाबतीत ती एका पातळीवर स्थिरावते. व्यसनाची जी भीती घातली जाते, तिचा येथे आढळ होत नाही. वेदना हटली म्हणून माणूस लवकर दगावत नाही. उलट तो पुन्हा खाऊ-पिऊ लागतो. पुढे १९७० च्या दशकात त्यांचे सहकारी डॉ. रॉबर्ट ट्वायक्रॉस यांनी केलेल्या संशोधनाने या निरीक्षणांना शास्त्रीय बळ मिळाले. तोंडाने दिलेले साधे मॉर्फिन हे त्या काळी श्रेष्ठ मानल्या गेलेल्या डायमॉर्फिनच्या तोडीचे असते, हेही त्यांनी दाखवून दिले. त्यामुळे ज्या देशांत डायमॉर्फिन मिळत नव्हते, तेथेही हीच पद्धत राबवण्याचा मार्ग मोकळा झाला.

ठरलेली मात्रा आणि वरची मात्रा

सॉन्डर्स यांच्या पद्धतीचा गाभा समजून घ्यायचा तर एक गैरसमज दूर केला पाहिजे. वेळापत्रक म्हणजे आडमुठेपणा नव्हे, आणि मागितल्यावर औषध देणे त्यांनी बादही ठरवले नव्हते. प्रश्न दोहोंच्या क्रमाचा होता. पायाशी ठरलेली मात्रा हवी आणि तिच्यावर गरजेची मात्रा. केवळ गरजेच्या मात्रेवर मरणासन्न रुग्णाला सोडून देणे, हे त्यांच्या मते वैद्यकशास्त्राचे अपयश होते.

आज जगभर रूढ असलेली रीत याच तत्त्वावर उभी आहे. साध्या मॉर्फिनचा प्रभाव सुमारे चार तास टिकतो, म्हणून ते दर चार तासांनी दिले जाते. संथपणे विरघळणाऱ्या गोळ्या बारा तासांनी पुरतात. तरीही मध्येच कळ उसळू शकते. अशा वेळी द्यावयाची वरची मात्रा आधीच लिहून ठेवलेली असते. बहुधा ती दिवसभराच्या एकूण मात्रेच्या एक दशांश ते एक षष्ठांश असते. उदाहरणार्थ, दर चार तासांना १० मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला ६० मिलिग्रॅम मॉर्फिन घेणाऱ्या रुग्णाची वरची मात्रा फार तर १० मिलिग्रॅम होईल. ती दिली म्हणून पुढची ठरलेली मात्रा चुकवायची किंवा लांबणीवर टाकायची नसते. अंग पुसणे, कूस बदलणे, जखमेची पट्टी बदलणे अशा हालचालींनी दुखणार हे ठाऊक असेल, तर ही मात्रा अर्धा-पाऊण तास आधीच दिली जाते.

वरच्या मात्रांची नोंद हा या पद्धतीचा डोळा आहे. याच रुग्णाला एका दिवसात तीन वेळा वरचे औषध लागले, तर एकूण मात्रा ९० मिलिग्रॅम होते. तसे पुन्हा पुन्हा होऊ लागले, तर ठरलेली मात्राच अपुरी आहे, असे डॉक्टर समजतात आणि ती दर चार तासांना १५ मिलिग्रॅमपर्यंत नेण्याचा विचार करतात. रात्री रुग्णाची झोप मोडू नये म्हणून निजतानाची मात्रा वाढवून देण्याची पद्धतही रूढ झाली. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होणार हे गृहीत धरून सोबत रेचक दिले जाते. मूत्रपिंडे दुबळी असतील, तर मात्रा आणि वेळा दोन्ही बदलाव्या लागतात. गिळणे अशक्य झाले, तर त्वचेखालच्या बारीक सुईतून, छोट्या पंपाच्या साह्याने, औषध संथ गतीने दिले जाते. हे सारे निर्णय डॉक्टरांचेच. परंतु ते अचूक ठरतात, ते खाटेपाशी बसलेल्या परिचारिकेच्या किंवा नातेवाइकाच्या वहीतील प्रामाणिक नोंदींमुळे.

सेंट ख्रिस्तोफर्सची उभारणी

औषधाची वेळ साधली म्हणजे सारे साधले, असे मात्र सॉन्डर्स यांनी कधी मानले नाही. दुखते कोठे, असे विचारल्यावर अनेक रुग्ण शरीरासोबत घरची विवंचना, एकटेपण आणि सारेच काही चुकले ही भावना बोलून दाखवत. त्यातून समग्र वेदनेची कल्पना त्यांनी १९६० च्या दशकात मांडली. वेदना शारीरिक असते, तशीच ती मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिकही असते. यांपैकी एकीकडे दुर्लक्ष झाले तरी मॉर्फिन तोकडे पडते, हे त्यांचे सांगणे आज वेदनाशमनाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवले जाते.

१९६० आणि १९६१ ही वर्षे त्यांना स्वतःला जड गेली. सेंट जोसेफ्समधील अँतोनी मिख्निएविच या पोलिश रुग्णावर त्यांचा जीव जडला होता. १९६० मध्ये त्यांचे निधन झाले. वर्षभरात वडीलही गेले. त्या दुःखातही नव्या संस्थेसाठी निधी जमवण्याचे काम थांबले नाही. अखेर १९६७ मध्ये दक्षिण लंडनमधील सिडनहॅम येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसचे दरवाजे उघडले. रुग्णसेवा, अध्यापन आणि संशोधन एकाच छताखाली आणणारे हे पहिले आधुनिक हॉस्पिस मानले जाते. दर्शनी भागात डेव्हिड तास्मा यांच्या स्मरणार्थ एक खिडकी बसवण्यात आली. १९६९ मध्ये संस्थेचे पथक रुग्णांच्या घरी जाऊ लागले. वेळेवर दिलेले तोंडाचे औषध घरीही देता येते. त्यासाठी खाट अडवण्याची गरज नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

इच्छामरणाच्या कायद्याला सॉन्डर्स यांचा ठाम विरोध होता. त्यांच्याशी या प्रश्नावर मतभेद असणारे पुष्कळ होते आणि आहेत. परंतु मृत्यू मागणाऱ्या रुग्णाची वेदना आधी नीट आवरली गेली आहे का, हे तपासल्याशिवाय त्या मागणीचा अर्थ लावता येत नाही, हा त्यांचा आग्रह विरोधकांनाही टाळता आला नाही. १९८० मध्ये, एकसष्टाव्या वर्षी, पोलिश चित्रकार मारियान बोहुश-शिश्को यांच्याशी त्यांनी विवाह केला. त्यांची चित्रे हॉस्पिसच्या भिंतींवर लागली आणि १९९५ मध्ये तेथेच त्यांनी अखेरचा श्वास घेतला. डेम हा किताब, १९८१ चे टेम्पलटन पारितोषिक, १९८९ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट असे सन्मान सॉन्डर्स यांना मिळाले.

आपल्याकडचे घड्याळ

१९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवरील मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. औषध शक्यतो तोंडाने द्यावे, घड्याळाप्रमाणे द्यावे आणि वेदनेच्या तीव्रतेनुसार पायरी-पायरीने चढत जावे, ही तिची सूत्रे होती. सेंट ल्यूक्सच्या कक्षात एका स्वयंसेविकेने पाहिलेली रीत अशा प्रकारे जगाचा नियम बनली. २०१८ मध्ये या मार्गदर्शिकेत सुधारणा झाल्या, पायऱ्यांचे महत्त्व कमी झाले. घड्याळाचे सूत्र मात्र कायम राहिले.

योगायोग असा की, त्याच १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे डॉ. एल. जे. डिसोझा यांनी शांती अवेदना आश्रम सुरू केला. भारतातील हे पहिले हॉस्पिस. पुढे गोव्यातही त्याची शाखा निघाली. परंतु एक वर्ष आधी, १९८५ मध्ये, अमली पदार्थांसंबंधीचा कडक कायदा देशात लागू झाला होता. परवान्यांच्या जंजाळामुळे रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. ज्या देशात औषधासाठी अफूचे पीक अधिकृतपणे घेतले जाते, त्याच देशातील कर्करुग्ण अफूपासून बनणाऱ्या औषधावाचून तळमळत राहिले. केरळमध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून उभारलेल्या चळवळीने हा प्रश्न लावून धरला आणि २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. तरीही सर्वत्र मॉर्फिन सहजी मिळते, असे म्हणण्याजोगी स्थिती अद्याप आलेली नाही.

कायद्याइतकीच मोठी अडचण मनातली आहे. मॉर्फिन सुरू केले म्हणजे सारे संपले, असे घराघरांत समजले जाते. आत्ताच दिले तर पुढे काय देणार, या काळजीने नातेवाईक मात्रा लांबवतात; रुग्णही सोसता येईल तितके सोसतो. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अशा औषधांच्या बेसुमार वापराने जो अनर्थ झाला, त्यामुळे ही भीती आणखी बळावली. तो धडा खराच आहे. मरणासन्न रुग्णाचे नियम प्रत्येक जुनाट दुखण्याला सरसकट लावता येत नाहीत. परंतु त्या अनर्थाची शिक्षा शेवटचे दिवस मोजणाऱ्या रुग्णाला देणे, हाही अन्यायच होय.

१४ जुलै २००५ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, डेम सिसिली सॉन्डर्स यांचे स्तनाच्या कर्करोगाने निधन झाले. मृत्यू आला तो त्यांनीच उभारलेल्या सेंट ख्रिस्तोफर्समध्ये. ज्या घड्याळाकडे मरणासन्न माणूस भीतीने पाहत असे, त्याकडे पाहण्याचे काम त्यांनी औषध देणाऱ्यांवर सोपवले. घरात असा रुग्ण असलेल्या प्रत्येकाने त्यांच्या आयुष्यातून एवढे जरी घेतले की, दुखते का हे विचारण्याआधी औषधाची वेळ झाली आहे का हे पाहावे, तरी एखाद्या रुग्णाची रात्र सुसह्य होईल.